बशीखालचा आकडा

माझ्या बायकोची एक जुनी तक्रार आहे. घरात विजेचं बिल येवो, मुलीचा निकाल येवो, नाहीतर लॅबमधून रक्ताचा रिपोर्ट, सगळ्यांना जो आकडा हवा असतो त्याच्यावर मी आधी हात ठेवतो. मग वरून एकेक ओळ वाचत खाली येतो आणि अगदी शेवटी हात काढतो. "अहो, शुगर किती ते सांगा ना आधी!" ती म्हणते. मला ते जमत नाही. ही खोड मला आमच्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी लावली.

बाई स्वतः हात ठेवत नसत. त्या बशी ठेवत. पांढरी, निळ्या काठाची, एका बाजूला टवका उडालेली बशी. चहा त्या नुसत्या कपातून पीत. बशी चहासाठी असते हे त्यांना मान्यच नव्हतं. कुणीही कंपनीचा, सोसायटीचा, गणपती मंडळाचा हिशेब त्यांच्यासमोर ठेवला की त्या बशी उचलत आणि नफ्यातोट्याच्या आकड्यावर पालथी घालत.

"हा आकडा दिसला की माणूस वाचायचा थांबतो," त्या म्हणत. "नफा दिसला तर खूश होऊन थांबतो, तोटा दिसला तर घाबरून थांबतो. आधी वरचं वाच."

बाई एका पंप बनवणाऱ्या कंपनीत कॉस्ट अकाउंटंट होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. लग्न केलं नव्हतं. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सात मजली इमारतीत त्या एकट्या राहत आणि लिफ्ट असूनही जिन्यानं चढत. सोसायटीत त्यांना सगळे मागून 'ताळेबंद' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं. एकदा जिन्यात कुणीतरी हे नाव घेतलेलं ऐकून त्या वळून म्हणाल्या, "ताळेबंद निदान दोन्ही बाजूंनी जुळतो. तुमचं काय?"

मी त्यांच्याकडे शिकायला गेलो तो हौसेनं नव्हे. घाबरून गेलो.

मी तेव्हा मुलुंड पश्चिमेच्या एका कारखान्यात टूलरूमचा मॅनेजर होतो. औषधांच्या बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं बनवणारा कारखाना. झाकणं ज्या साच्यांतून निघतात ते साचे बनवायचे आणि झिजले की दुरुस्त करायचे, हे आमच्या टूलरूमचं काम. माझ्या हाताखाली आठ फिटर. मोठे शेठ घरी बसले आणि धाकटे शेठ आले, तेव्हापासून प्रत्येक विभागाच्या नावानं एक कागद निघू लागला. आमच्या कागदावर वर्षाचा खर्च होता ब्याण्णव लाख. त्याच्याखाली वसईच्या एका टूलमेकरचं कोटेशन, हेच सगळं काम बाहेरून करून द्यायचे अठ्ठावन्न लाख. आणि त्याच्याखाली जाड अक्षरात फरक, चौतीस लाख.

"बघा, मला इमोशनल व्हायचं नाही," धाकटे शेठ म्हणाले. "तिमाहीच्या मीटिंगला तुम्ही या आणि मला सांगा की हे चौतीस लाख मी दरवर्षी का घालवू. नंबर्समध्ये सांगा. साचे किती छान बनतात ते नको."

माझं शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक मला बोटाला कळतो, पण तो कागद मी उलटसुलट करून बघितला तरी काही कळेना. टूलरूम बंद म्हणजे आठ माणसं हिशेब घेऊन घरी. आणि मी नववा. घराचा हप्ता अजून नऊ वर्षं होता आणि मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

कंपनीनंच मला अंधेरीला एका हॉटेलात दोन दिवसांच्या कोर्सला पाठवलं. फायनान्समध्ये नसलेल्या मॅनेजर लोकांसाठी फायनान्स. टाय लावलेला एक तरुण भराभर स्लाइड बदलत होता. करंट रेशो दोनच्या आसपास असावा हे मी लिहून घेतलं. तो का असावा हे विचारायला हात वर केला तेव्हा जेवणाची सुट्टी झाली. जेवण उत्तम होतं. दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट मिळालं, एक जाड फाइल मिळाली, आणि मी पूर्वीइतकाच कोरा घरी आलो. फरक एवढाच की आता मला जे कळत नव्हतं त्याची इंग्रजी नावं पाठ होती.

त्याच आठवड्यात सोसायटीची सभा होती. तळमजल्याच्या सावंतांनी लिफ्टचे पैसे भरायला नकार दिला होता.

"मी लिफ्टचं तोंड बघत नाही," सावंत उभे राहून म्हणाले. "तळमजल्यावरून लिफ्टनं जाऊ कुठे? पाताळात?"

लोक हसले. सेक्रेटरी कंटाळलेले होते. ते म्हणाले, "जाऊ द्या ना, सोडू या यांना."

"सोडा. बिनधास्त सोडा," मागच्या खुर्चीवरून बाई म्हणाल्या. "फक्त एक सांगा, सावंतांना सोडलं म्हणून लिफ्टची कंपनी आपलं बिल कमी करणार आहे का?"

"ते कशाला करतील?"

"मग सावंतांचे पैसे गेले कुठे?"

सेक्रेटरी वहीची पानं उलटू लागले.

"कुठेही गेले नाहीत. ते तुमच्या-माझ्या बिलात येऊन बसले. उद्या पहिल्या मजल्याचे म्हणतील, आम्ही जिन्यानं जातो. परवा दुसऱ्याचे. शेवटी सातव्या मजल्याचे कुलकर्णी एकटे अख्खी लिफ्ट पोसतील, आणि लिफ्ट आहे तेवढीच वर-खाली करत राहील."

"पण तुम्ही का भांडताय?" सावंत चिडले. "तुम्ही तर स्वतःच जिन्यानं चढता!"

"चढते. आणि पैसे भरते."

सभा पुढे पाण्याच्या टाकीवर गेली, पण मी तिथेच अडकलो. आमच्या ब्याण्णव लाखांत एक ओळ होती. कारखान्याचं भाडं, वॉचमन, ऑफिस, विमा यांतला टूलरूमचा वाटा, अडतीस लाख. आम्ही एक तृतीयांश जागा वापरतो म्हणून एक तृतीयांश खर्च आमच्या नावावर. सावंत, लिफ्ट आणि हे अडतीस लाख यांचा काहीतरी संबंध आहे असं मला वाटत होतं, पण तो धरता येत नव्हता. दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं झालं. सभा संपल्यावर मी जिन्यात बाईंना गाठलं आणि सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. "रविवारी चार वाजता ये. येताना एक टोमॅटो आण."

"एक किलो?"

"एक टोमॅटो. किलोनं घ्यायला माझं काय हॉटेल आहे?"

ही त्यांची फी होती. दर रविवारी एक वस्तू, तीही एक. एक लिंबू, एक गाजर, कोथिंबिरीची अर्धी जुडी. बाईंच्या फ्रीजमध्ये दूध आणि पाण्याची बाटली याशिवाय काही नसे. "फ्रीजमध्ये ठेवलेली भाजी म्हणजे अडकवून ठेवलेला पैसा," हे त्यांचं ठाम मत. लागेल तेव्हा, लागेल तेवढंच. स्टेशनजवळचा भाजीवाला मला ओळखू लागला होता. "आज काय साहेब, एक मिरची?" तो मोठ्यानं विचारायचा, आणि शेजारी उभ्या बायका माझ्याकडे बघायच्या.

पहिल्या रविवारी मला वाटलं, बाई माझा हिशेबीपणा बघून खूश होतील. मी घरखर्च रोज एक्सेलमध्ये लिहितो. लग्नापासूनचा आहे. मी अभिमानानं मोबाइल पुढे केला.

"गेल्या वर्षी दुधाला किती गेले?" त्यांनी विचारलं.

मी रुपयापर्यंत सांगितलं.

"आणि आदल्या वर्षी?"

तेही सांगितलं.

"मग काय ठरवलंस?"

"कशाबद्दल?"

"दुधाबद्दल रे. एवढं लिहिलंस, त्यावरून काय ठरवलंस?"

"ठरवायचं काय त्यात? दूध तर लागतंच."

"मग लिहितोस कशाला?" त्यांनी मोबाइल मला परत दिला. "तू हिशेब ठेवतोस, मॅनेजर. वाचत नाहीस. देवघरात पोथी ठेवतात तसा ठेवला आहेस."

मला राग आला होता. माझी एक सवय त्यांना अजिबात खपत नसे. मी आकडा पूर्ण बोलायचो. अडतीस लाख सतरा हजार चारशे वीस. त्या कानांवर हात ठेवत. "अडतीस म्हण! तुमच्यासारख्या लोकांचं नेहमी असंच. पैशापर्यंत बरोबर आणि लाखात चूक." त्यांच्याकडे कॅल्क्युलेटर होता, पण माझ्यासमोर त्यांनी तो कधी बाहेर काढला नाही. बेरीज चुकली तर चालेल, पण कशाची बेरीज करतोस ते कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. माझ्यासारख्याला हे ऐकून घाम फुटायचा.

त्यांच्या तऱ्हा सांगाव्या तेवढ्या थोड्या. कंपन्यांचे वार्षिक अहवाल त्या शेवटच्या पानापासून वाचायच्या. "पुढची पानं मालकाच्या फोटोसाठी. मालकाला कशाची भीती वाटते ते मागच्या पानांत, बारीक अक्षरात असतं." त्यांच्याकडे कितीतरी कंपन्यांचा एकेकच शेअर होता. एवढ्यासाठी, की सभेला जाऊन एक प्रश्न विचारता यावा. पूर्वी अशा सभांना खाऊचा पुडा मिळायचा. आता सभा कॉम्प्युटरवर होतात. बाई तरीही इरकली नेसून, केस नीट बांधून टेबलाशी बसत. पुढ्यात समोसा, वेफर्स आणि एक पेढा घरचाच मांडलेला. प्रश्न विचारून झाला की कॅमेरा बंद करून समोसा खात.

रस्त्यानं चालताना प्रत्येक नव्या दुकानासमोर थांबायची त्यांना सवय होती. "भाडं बघ. एसी बघ. पोरं किती ठेवलीत ते बघ. आणि आत गिऱ्हाईक बघ." मग हळूच निकाल, "दिवाळी बघणार नाही हे." बहुतेक वेळा बरोबर ठरे. पण स्टेशन रोडवरच्या बुटांच्या दुकानाचा निकाल त्यांनी असाच दिला होता आणि ते दुकान चालू राहिलं, वर शेजारचा गाळाही घेतला. तेव्हापासून बाई त्या टोकाला आल्या की रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवरून जात. "त्यांचं काहीतरी वेगळं असणार," एवढंच पुटपुटत.

एका संध्याकाळी त्या मला मासळी बाजारात घेऊन गेल्या. कोळीण त्यांना लांबूनच बघून शेजारणीला म्हणाली, "आयली गो, भाव पारनारी आयली!"

"बाजार उठायला आला, आता तरी खाली ये," बाई म्हणाल्या.

"खाली मंजे? फुकट दिऊ? आनि ह्यो कोन संगाती?"

"मॅनेजर आहे."

"मंग त्याला बरा भाव लाव, पगार आसंल!" शेजारीण कोळणीला म्हणाली.

भांडून भांडून दोन बोंबील घेतले, आणि परतताना बाई म्हणाल्या, "हिचा माल अंधार पडायच्या आत रोख झाला पाहिजे. नाहीतर कचरा. म्हणून ती इतकी ओरडते. तुझा माल कधी ओरडतो?"

दुसऱ्या दिवशी मी टूलरूममध्ये उभा राहून पोलादाच्या ठोकळ्यांचं रॅक बघत राहिलो. वरच्या फळीवरच्या ठोकळ्यांवर धूळ बसून तिचीही खपली झाली होती. आमचे सगळ्यांत जुने फिटर परब शेजारी येऊन उभे राहिले. मालवणकडचे, हात सोन्यासारखा.

"परब, हे केव्हाचं आहे?"

"ता? मोठ्या शेठनी घेतलेला. लागतला कधीतरी." मग त्यांनी आवाज उतरवला. "सायबानु, एक विचारू? खाली गेटवर बोलतत, खाता बंद होतला म्हणान. आमचा काय होतला?"

"अजून काही ठरलं नाही," मी म्हणालो. ते खरं होतं. पण परब मान हलवून गेले तेव्हा मला वाटलं, मी त्यांच्यापुढेही एक बशी पालथी घातली आहे.

झोप कमी झाली होती. जेवताना मी ताटातल्या पोळ्यांचाही स्थिर खर्च आणि बदलता खर्च करत बसायचो. "त्या बाईंकडे जायला लागल्यापासून तुम्ही जास्तच घाबरट झालात," बायको म्हणाली. ते बरोबर होतं. पूर्वी मला फक्त चौतीस लाखांची भीती वाटायची. आता त्याच्या वरच्या प्रत्येक ओळीची वाटायची.

पण हळूहळू कागद उलगडत गेला. बाईंनी बशी चौतीसवर घातली आणि विचारलं, "ब्याण्णवमध्ये काय काय आहे?"

"अडतीस भाड्याबिड्याचा वाटा. तीस फिटरांचे पगार. चौदा पोलाद, हत्यारं आणि आमच्या मशीनची वीज. दहा माझा पगार."

"उद्या खातं बंद केलं. यातलं काय थांबेल?"

मी अडतीसवर बोट ठेवलं आणि एकदम सावंत आठवले. कारखान्याचा करार पाच वर्षांचा. टूलरूम शेडच्या मधोमध, ती जागा दुसऱ्याला देता येत नाही. वॉचमन तोच, ऑफिस तेच. आम्ही गेलो तरी अडतीस लाख जाणार नाहीत. ते मोल्डिंग आणि पॅकिंगच्या कागदावर जाऊन बसतील.

"सावंतांची लिफ्ट," मी म्हणालो.

बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे बऱ्या नजरेनं बघितलं. "उशिरा का होईना. मग थांबणारा खर्च किती?"

"चोपन्न."

"आणि वसईवाला?"

"अठ्ठावन्न." माझा आवाज चढला. "बाई, म्हणजे बंद केलं तर उलटे चार लाख जास्त जातात! साचा वसईला जाऊन यायला लागणारे दिवस तर धरलेच नाहीत!"

"ते बोल, पण आकड्यांनंतर. आधी बोललास तर शेठला वाटेल रडतोयस. आणि पुढच्या रविवारी कागद स्वच्छ लिहून आण."

तो आठवडा मी हवेत होतो. परबांना काही सांगितलं नाही, पण चहाच्या वेळी त्यांच्याशी उगाच हसून बोललो. रविवारी एक सिमला मिरची आणि दोन रकान्यांचा सुबक कागद घेऊन वर गेलो. बाहेरून, अठ्ठावन्न. आत, चोपन्न. मीटिंग दोन दिवसांवर होती.

बाईंनी कागद बघितला. बराच वेळ बघितला. मग बशी उचलली. मला वाटलं फरकावर घालतील. त्यांनी ती माझ्या पगाराच्या ओळीवर घातली.

"आता बेरीज कर."

मी पेन उचललं आणि परत ठेवलं.

"कर ना. चोपन्नातून दहा गेले."

"चव्वेचाळीस."

"आणि खातं चालेल?"

मी खिडकीबाहेर बघत होतो. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या वाळत घातल्या होत्या. परबांना काम येतं. माणसं त्यांचं ऐकतात. नोंदी आणि खरेदी प्रॉडक्शनचा मॅनेजर बघू शकतो. थोडी ओढाताण होईल.

"चालेल," मी म्हणालो. आणि मग माझा तोल गेला. "बाई, माझं घर आहे! हप्ता आहे, मुलगी शिकतेय. मी तुमच्याकडे खातं वाचवायला आलो, स्वतःला काढून टाकायला नाही!"

"मी काढ म्हटलं नाही. मी फक्त बेरीज करायला सांगितली."

"तुम्हाला हे केव्हापासून दिसत होतं?"

"पहिल्या रविवारपासून."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले असते तर तू दुसरा टोमॅटो आणला असतास?" त्या हसल्या नाहीत. "हे बघ, मॅनेजर. तुझ्या शेठकडे बशी नाही. तो उघड्या डोळ्यांनी बघणार आणि त्याला हा दहा दिसणार. तुझ्या कागदावर तिसरा रकाना नसला तर तो म्हणेल, यानं स्वतःला लपवलं. मग तुझ्या अडतीसवर तो कशाला विश्वास ठेवेल? आणि अडतीसवरचा विश्वास गेला की ती आठ माणसं गेली." त्यांनी बशी उचलून जागेवर ठेवली. "लिहायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी कागद वाचायला शिकवते, पुढचं मला येत नाही."

मी चहा न घेता उठलो. लिफ्टनं खाली आलो.

बायकोला सांगितलं. तिनं सगळं ऐकलं, त्या दिवशी तीही वरून खाली ऐकत गेली. "म्हणजे तुम्ही तुमच्या हातानं तुमचं नाव खोडताय?"

"खोडत नाही. नुसतं लिहितोय."

"मग लिहू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "लिहा. नाहीतर तुम्ही वर्षभर माझ्याशी धड बोलणार नाही आणि मलाच ते निस्तरावं लागेल."

मीटिंगच्या दिवशी सकाळपासून बाईंचे फोन येत होते. पहिला मी घेतला. "कारखान्याजवळ मेथी कशी दिली रे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बाई, आज माझी मीटिंग आहे. "माहितीये. मेथी विचारतेय." मला चीड आली. पुढचे मी घेतले नाहीत. नंतर फोन बंदच केला.

धाकट्या शेठनी कागद हातात घेतला. मी बोललो. अडतीस, सावंतांचं नाव न घेता. चोपन्न आणि अठ्ठावन्न. कुठे अडखळलो नाही. शेठची नजर तिसऱ्या रकान्यावर, 'मॅनेजरशिवाय, चव्वेचाळीस' वर आली आणि थांबली.

"हा मॅनेजर म्हणजे तुम्हीच ना?"

"हो."

"हे कुणी लिहायला सांगितलं तुम्हाला?"

"तुम्ही म्हणालात, नंबर्समध्ये सांगा."

ते थोडा वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. मग अकाउंट्सवाल्याकडे वळून म्हणाले, "अडतीस इकडचे तिकडे जाणार हे तुम्ही मला का नाही सांगितलं?" आणि माझ्याकडे बघून, "टूलरूम राहील. तुमचं मी कळवतो."

कळवायला महिना लावला. तिसरा रकाना घेतला. मला सहा महिन्यांची मुदत दिली, पत्र चांगलं दिलं. आता मी भांडुपला एका लहान कारखान्यात आहे. पगार कमी, हप्त्याची मुदत वाढवून घेतली. टूलरूम अजून चालू आहे, परब बघतात. मध्ये त्यांचा फोन आला होता, वरच्या फळीवरचं पोलाद अखेर एकदाचं विकलं म्हणून. "लागला मां शेवटी," म्हणाले. आमची इमारत पुनर्विकासाला गेली, सगळे भाड्याच्या घरांत पांगले. बाई नाशिकला भाचीकडे गेल्या. भाचीचा फ्रीज डबल डोअर आहे आणि तो सदा भरलेला असतो, ही त्यांची फोनवरची तक्रार.

पण मला आठवते ती मीटिंगच्या दिवसाची संध्याकाळ. माझं काय होणार ते माहीत नव्हतं. घरी जाण्याआधी मी चौथ्या मजल्यावर गेलो.

दार उघडंच होतं. बाई स्वयंपाकघरात फ्रीजला पाठ लावून उभ्या होत्या. फ्रीजचं दार लागत नव्हतं. आत फ्लॉवर होता, कोबी होता, मेथीच्या जुड्या कोंबल्या होत्या, भोपळ्याची मोठी फोड होती, पिशवीभर लिंबं होती, आणि टोमॅटो, किलोंनी टोमॅटो. ओट्यावर आणखी दोन पिशव्या तशाच बांधलेल्या.

"हे काय, बाई?"

"सकाळपासून खाली-वर करतेय," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "घरात बसवेना. खाली गेलं की रिकाम्या हातानं परत येणं बरं दिसत नाही."

"एवढं सगळं घेऊन जिना चढलात?"

"लिफ्टनं." त्यांनी हे जरा रागानं सांगितलं. "पैसे भरते मी लिफ्टचे."

"बाई, टूलरूम..."

"थांब!" त्यांनी हात वर केला. "शेवटचं आधी नको. वरून सांग."

मग मी वरून सांगितलं. शेठ कुठे बसले होते, कागद कसा घेतला, अडतीस कसा सांगितला, अकाउंट्सवाला कुठे बघत होता. बाई फ्रीजच्या दाराला पाठीनं रेटा देऊन ऐकत होत्या. मधूनमधून डोळे मिटत होत्या. मी तिसऱ्या रकान्यापर्यंत आलो, शेठनी विचारलेलं सांगितलं, मी दिलेलं उत्तर सांगितलं.

"आणि?"

"टूलरूम राहिली. माझं नंतर कळवणार."

बाई दारापासून बाजूला झाल्या आणि खुर्चीवर बसल्या. मागे फ्रीज हळूच आपोआप उघडला. एक टोमॅटो बाहेर पडला, फरशीवरून घरंगळत टेबलाच्या पायाशी जाऊन थांबला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.

"घेऊन जा हे सगळं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे सडेल. तुझ्याकडे आता लागेल."

मी पिशव्या भरायला लागलो.

"एक ठेव," बाई म्हणाल्या. "एकच."